एकतीस तारीख कुणाची

बसा सर. इन्व्हर्टर प्युअर सायन वेव्हचा घ्यायचा का साधा, ह्ये मला मागनं इचारा. आधी सांगा, गाडीत झोपणार कोण हाय? तुमी आन वहिनी. दोघंबी धडधाकट. हिमाचलला जाणार, डोंगर बघणार, फोटो टाकणार. मग तुमचं काम सोपं हाय. तुमचा फ्रीज बंद पडला तर दूध नासंल, त्यापलीकडं काय होत न्हाय.

कोपऱ्यातल्या त्या दोन बॅटऱ्यांवर तुमची नजर हाय, ते मघाधरनं बघतोय मी. लिथियमच्या हायत, चोवीस व्होल्टच्या, तुमाला पायजेत तसल्याच. जुन्या हायत पर नव्यासारख्या. त्या हितं कशा आल्या ते ऐका आन मग घ्यायच्या का न्हाय ते ठरवा. घाई आसंल तर उद्या या, मी काय बळंच गळ्यात मारत न्हाय.

गेल्या डिसेंबरात सांगवीचे झुंबरराव आन त्यांचा धाकटा भाऊ संभाजी, दोघं मिळून दुकानात आले. तेच मुळात नवल हुतं. थोरला सांगवीत, धाकटा पार इंदापुरात, आन दोघांचं एकमेकाशी बोलणं म्हंजे कामापुरतं. झुंबररावांची एक जुनी ट्रॅव्हलर गाडी हुती, हितल्याच कंपनीत कामगारांची ने-आण करायची. त्या गाडीत त्यास्नी घर करायचं हुतं. खाट, पंखा, बारकं संडास, वर सोलर. कुणासाठी म्हणून इचारलं तर झुंबरराव म्हणाले, आईसाठी.

द्वारकामावशीला मी वळखत हुतो. सांगवीच्या दूध डेअरीवर मावशी मापाला बसायची, मी लहानपणी किटली घिऊन जायचो. उभा जन्म चुलीपुढं आन गुऱ्हाळाच्या धुरात गेला, त्यानं छातीचं पार मातेरं झालं. डॉक्टरनं ऑक्सिजनची मशीन दिली हुती. सिलिंडर न्हवं, हवेतनं ऑक्सिजन काढती ती, लाइटवर चालणारी. दिवसा सहा-आठ तास नळी काढली तरी चालंल, पर रातभर लावायचीच, असं डॉक्टरनं बजावलेलं. मशीन बंद म्हंजे मावशी बंद, इतकं सरळ.

आता आपल्याकडं आई कशी वाटून घेत्यात ते तुमाला ठावं हाय. रान वाटलं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटल्या, तशी आईबी पाळीनं. एक म्हैना थोरल्याकडं, एक म्हैना धाकट्याकडं. पयल्या तारखेला मावशी, तिची मशीन, तिची वळकटी गाडीत घालायची आन पन्नास-साठ किलोमीटर पोचवायची. घरात ठेवायला दोघांच्याबी जिवावर यायचं. मशीन रातभर घरघरती म्हणं. खोकल्यानं पोरांचा अभ्यास हुत न्हाय म्हणं. दोघंबी बायकांचं नाव पुढं करत आन आपुन मागं दडत. मी त्या दोन्ही बायकांना वळखतो, त्यांच्यात एवढी ताकद न्हाय हो, नवऱ्याला नको असल्याबिगर घरात काय हुत न्हाय.

तर ह्या दोघांनी डोकं चालवलं. आई कशाला हलवायची, खोलीच हलवू. एक म्हैना गाडी ह्याच्या वाड्यात उभी, एक म्हैना त्याच्या. घरात पाय नको आन लाइटबी नको, वर सोलर हायच.

मी कागद घेतला आन त्यास्नी हिशोब समजावला, आता तुमाला समजावणार हाय तसाच. मशीन साडेतीनशे वॅट खाती. सोळा-अठरा तास धरले तर पंख्यासकट सहा-साडेसहा युनिट. टपावर चारच पॅनल बसत्यात. उन्हाळ्यात ती कसंबसं पुरं करतील, पर पावसाळ्यात आभाळ आलं की दोन युनिटबी द्यायची न्हाईत. म्हणून बॅटरीला तीन तोंडं ठेवावी लागत्यात. एक उन्हाचं. दुसरं गाडीच्या इंजिनाचं, म्हंजे गाडी चालू केली की बॅटरी भरती. तिसरं घरातल्या प्लगचं. मशीन नाजूक हाय, साध्या इन्व्हर्टरवर गुरगुरंल आन जळंल, म्हणून प्युअर सायन वेव्हचाच घ्या, म्हंजे घरच्यासारखी सलग लाइट देणारा. आन ही तिन्ही तोंडं उघडी ठेवा, जीव हाय त्यात.

इंजिनाचं तोंड संभाजीनं खोडलं. डिझेल कोण घालणार म्हणाला. प्लगचं झुंबररावांनी खोडलं, पर ते इन्व्हर्टरच्या पोटातच येतं, काढता येत न्हवतं. मग दोघांत ठरलं, ज्याची पाळी असंल त्यानं लागली तर वायर द्यायची, पाळी नसताना कुणी मागायची न्हाय. मी म्हणालो इंजिनाचं तेवढं ठेवा, चार्जर बारका हाय पर अडीअडचणीला उपयोगी पडंल. झुंबरराव हसले. म्हणाले, अमजद, म्हातारी काय हिमाचलला चाललीया का.

आन मी गप बसलो. काम हातचं जाईल म्हणून न्हवं हां, उगं खोटं कशाला बोलू. कंटाळा आला हुता मला त्या दोघांचा. म्हणलं मरू द्या, त्यांची आई, त्यांची गाडी.

गाडी झाली मात्र देखणी. खिडक्यांना पडदे, खाटंवर नवी गादी, भिंतीला डब्बल टेपनं चिकटवलेला बॅटरीचा मीटर. बॅटरी किती टक्के उरली ते त्यात मोठ्या आकड्यात दिसायचं. नारळ फोडला, पेढे वाटले. गावानं फोटो काढले, ‘आईसाठी फिरतं घर’ म्हणून सगळ्यांच्या मोबाइलवर फिरलं. लोक म्हणायची, लेकरं असावीत तर अशी. मावशी खाटंवर बसून सगळ्यास्नी हात जोडत हुती, नाकात नळी.

मी मावशीला मीटर शिकवला. अक्षर येत न्हवतं, पर आकडे चांगले यायचे, डेअरीवर लिटर लिहून लिहून आलेले. कंपनीनं इन्व्हर्टरला धा टक्क्याची सीमा घातलेली असती. बॅटरी त्याच्या खाली गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद हुतो, म्हंजे बॅटरी मरत न्हाय. ते मी तिला सांगितलं. खाटंच्या वर एक कॅलेंडर टांगलं हुतं. रोज सकाळी त्या दिवसाच्या चौकोनात ती आकडा लिवायला लागली. आन लिवून झालं की मला फोन. ‘अमजद, ब्याऐंशी हाय रं. बरं हाय न्हवं?’ बरं हाय मावशी. दुपारी परत. ‘एक्क्याण्णव झालं.’ लई बरं मावशी. लेकांना ती आकडा सांगायची न्हाय, ते ऐकत न्हवते. मलाच सांगायची.

जूनमधी गाडी इंदापुरात, संभाजीच्या वाड्यात हुती. पंख्याची वायर ढिली झाली म्हणून मी गेलो. काम झालं तसा संभाजी आत आला आन म्हणाला, ह्या बॅटऱ्या किती वर्षं टिकतील? मी म्हणालो, लई खालपर्यंत रिकाम्या केल्या न्हाईत तर धा-बारा वर्षं. त्याची पोल्ट्री हाय. म्हणाला, म्हातारीचं आता किती दिवस, नंतर मला पोल्ट्रीला लागतील, तवा आत्तापासनं जपून वापराय पायजेत. धा टक्क्याची सीमा वर न्हेता येती का?

येती. दोन बटनं दाबायची असत्यात. मी दाबली. धाचे पंचवीस केले.

मावशी खाटंवरच बसली हुती, सगळं ऐकत. लेक तिच्या मरणाची तजवीज तिच्या उशाशी उभा राहून करत हुता आन त्याला त्याचं काय वाटत न्हवतं. मलाबी तवा काय वाटलं न्हाय, ते सांगून टाकतो. लेक बाहीर गेल्यावर मावशीनं इचारलं.

‘काय केलंस रं आता?’

‘बॅटरीचं आयुष्य वाढवलं, मावशी.’

‘बरं केलंस,’ मावशी म्हणाली.

जुलैत गाडी परत सांगवीला. आभाळ असं बसलं की आठ दिवस ऊन दिसंना. आकडा रोज खाली. झुंबररावांनी तोंड वाकडं करून गोठ्यातनं वायर दिली, ती रातच्याला लावायची, सकाळी काढायची. मावशी भ्याली. तिचे फोन वाढले. सकाळी सहाला, धाला, जेवताना, नमाजाला निघताना. ‘अमजद, त्रेसष्ट हाय.’ ‘अमजद, साठ झालं रं.’ एक दिवस दुकानात गर्दी, ट्रकवाला डोक्यावर उभा, इफ्फत, म्हंजे माझी बायको, तापानं फणफणलेली, आन परत मावशीचा फोन. मी खवळलो. म्हणालो, मावशी, आकडा खाली-वर हुणारच, उगं उठसूट फोन करू नका. मशीन बंद पडली तर करा, तवर करायचा न्हाय. मावशी म्हणाली, व्हय बाबा, चुकलं माझं. त्यानंतर तिचा फोन आला न्हाय. मला बरं वाटलं हुतं, सर. दोन दिवसांनी मी इफ्फतला म्हणालोबी, म्हातारी सुधारली.

आता म्हैन्याअखेरीचं ऐका. थोरल्याकडं जानेवारी, मार्च, मे, जुलै. धाकट्याकडं फेब्रुवारी, एप्रिल, जून. झुंबररावांनी कुठं बसून बोटं मोडली कुणास ठाऊक, त्यांच्या ध्यानात आलं की आपले सगळे म्हैने एकतीस दिवसांचे. धाकट्याचे तीसचे, त्यात फेब्रुवारी तर अठ्ठावीसचा. म्हंजे तीसच्या वर आजवर तीन दिवस आपुन जादा सांभाळली. चौथा न्हाय सांभाळायचा. त्यांनी संभाजीला फोन केला, तीस दिवस भरले, उद्या एकतीसला गाडी घिऊन जा. संभाजी म्हणाला, माझी पाळी एक तारखेला, आदल्या दिवशी मी काडीला हात लावणार न्हाय. शिव्यागाळी झाली. आईवरनं न्हवं, एका दिवसावरनं.

तीस तारखेला दिवस मावळला तरी झुंबररावांनी गोठ्यातली वायर लावली न्हाय. पाळी संपली. एकतीसला सकाळी गाडी काढली, इंदापूरच्या रस्त्याला लागले आन लासुर्ण्याच्या अलीकडं, बरोबर निम्म्यात, रस्त्याच्या कडंला लिंबाखाली गाडी लावली. आपलं निम्मं झालं, उरलेलं त्याचं, असा न्याय. पलीकडं एक च्याची टपरी हुती, त्या माणसाला सांगितलं, भाऊ येतोय, गाडी न्हेणार हाय. मग मागनं आलेल्या पोराच्या मोटारसायकलीवर बसून घरी गेले. ऑक्सिजनचा एक सिलिंडर अडीनडीला ठेवायला लावला हुता मी, तो गोठ्यातच राहिला. तो झुंबररावांच्या वाटणीचा हुता.

आन गाडी लिंबाखाली लावली हो. वर चार पॅनल असताना सावलीत. त्या माणसाला एवढंबी सुचलं न्हाय, का सुचलं, मला आजवर कळंना.

दिवसभरात मावशीनं थोरल्याला चार फोन केले. तो म्हणाला, संभाजीला कर, आज त्याचा दिवस. धाकट्याला पाच केले. तो म्हणाला, दादाला कर, आज त्याचा दिवस. सांच्याला टपरीवाल्यानं तिला च्या दिला, खिडकीतनं. भाऊ कवा येणार म्हणून इचारलं तर ती म्हणाली, येतोय, निघालाय. लेकांची लाज झाकली तिनं. मग टपरीवाला दुकान लावून घरी गेला.

एक तारखेला सकाळी आठाच्या ठोक्याला संभाजी आला. त्याचा दिवस लागला हुता न्हवं. त्यानं दार उघडलं आन पयला फोन मला केला. डॉक्टरला न्हाय, भावाला न्हाय, मला. म्हणाला, तुझा इन्व्हर्टर बोगस निघाला, रातच्याला बंद पडला, आई गेली.

मी मोटारसायकल कशी मारली ठाऊक न्हाय. पोचलो तवा झुंबररावबी आले हुते. दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून उभे, जन्मात पयल्यांदा. दोघांचं एकच म्हणणं, अमजदच्या मालानं आई मारली. टपरीपाशी माणसं जमली हुती, ती माझ्याकडं बघत हुती. मी आत गेलो. मावशी दाराकडं तोंड करून खाटंच्या कडंला कलंडली हुती. एका हातात मोबाइल, नळी नाकातच. म्या आधी तिचे डोळे झाकले, मग मीटर बघितला.

इन्व्हर्टरला काय झालं नव्हतं. त्यानं सांगितलेलं काम केलं हुतं. पंचवीस टक्के झाले आन तो बंद पडला, बॅटरी वाचावी म्हणून. पंचवीस टक्क्यात ती मशीन किती चालती म्हाईतेय? सात तास. मशीन बंद पडली दीडच्या पुढं. धाचीच सीमा असती तरी पावणेसहापर्यंत चालली असती, सीमाच नसती तर साडेआठापर्यंत. संभाजी आठाला आला.

मग मी माझा मोबाइल काढला. रातच्या एक चाळीसला मावशीचा मिस्ड कॉल. एकच. मशीन बंद पडली तर कर म्हणून मी सांगितलं हुतं, तिनं तसाच केला. मी झोपलो हुतो.

बाहीर येऊन मी काय बोललो असतो? सीमा कुणी वाढवली म्हणून इचारलं असतं तर संभाजीकडं बोट दावता आलं असतं, पर बटनं दाबली त्या बोटानंच दावावं लागलं असतं. मी गप बसलो. भावांनीबी पुढं ताणलं न्हाय, फोन त्यांच्याबी मोबाइलात हुते. गावात मात्र आजबी म्हणत्यात, पोरांनी एवढं केलं हुतं आईसाठी, त्या अमजदनं हलका माल घातला. म्हणू द्या.

मातीला जाताना दोघांत परत लागली. म्हातारी एकतीसला गेली का एकला? एकतीसला गेली असंल तर पुढचं सगळं थोरल्यानं करायचं, एकला गेली असंल तर धाकट्यानं. मला बोलावून इचारलं, मशीन नेमकी किती वाजता बंद पडली. त्यासाठी माझा माल बोगस नव्हता बरं का. मी म्हणालो, एक चाळीसला ती जित्ती हुती, तिनं मला फोन केला हुता. झुंबररावांच्या तोंडावर जे समाधान आलं, ते मी मरस्तवर इसरायचो न्हाय.

धाव्यानंतर गाडी उसकटली. पॅनल दोन-दोन वाटून घेतली. इन्व्हर्टर संभाजीनं पोल्ट्रीवर न्हेला. बॅटऱ्याबी न्हेणार हुता, पर त्याच्या बायकोनं दारात घेऊ दिल्या न्हाईत. म्हणाली, सासूचा जीव हाय त्यात. त्या घरात तेवढी एक बाई खरं बोलली. मग संभाजी त्या हितं टाकून गेला. जाताना इचारलं, नव्यासारख्या हायत ना? मी म्हणालो, व्हय, एकदम जपल्यात.

ह्यो कागद बघा, सर. त्या कॅलेंडरचं जुलैचं पान, गाडीतनं मी काढून आणलं. पयल्या वीस दिवसांत चौकोनाला एकच आकडा. मी फोन करू नको म्हणालो त्या दिवसापासनं दोन-दोन, तीन-तीन. मला सांगायचे ते हितं लिवायला लागली. आन हा एकतीसचा चौकोन. अठ्ठावन्न, पंचावन्न, सत्तेचाळीस, मग तासातासाला चव्वेचाळीस, चाळीस, सदतीस, तेहतीस, तीस, सव्वीस. चौकोन भरला. त्याच्या खालचा चौकोन कोरा हाय, त्यात तारीखच न्हाय. त्यात तिनं शेवटचा आकडा लिवलाय. पंचवीस.

तर तुमचा इन्व्हर्टर प्युअर सायन वेव्हचाच घेऊ. तिन्ही तोंडं बसवीन, न्हाय म्हणालात तर दुसरं दुकान बघा. आन सीमा कंपनीनं दिलीया ती मी आता कुणाच्या सांगण्यावरनं बदलत न्हाय.

कोपऱ्यातल्या बॅटऱ्या पायजेत का, ते सांगा. मी त्या आजवर चार्ज केल्या न्हाईत, वापरल्याबी न्हाईत. काल मीटर लावून बघितला, अजून पंचवीसच दाखवतोय. सात तास तसेच पडून हायत त्यात.